बशीभर भात

पालुपीनं टेप पोटावरून उचलली आणि पुन्हा लावली. पुन्हा तोच आकडा आला, चोवीस सेंटीमीटर. सातव्या महिन्यात अठ्ठावीसच्या आसपास हवा होता.

"वेनिंग, शेवटची पाळी कधी आली होती ते नीट आठवून सांग बघू."

"तीनदा सांगितलं की म्बाक. सोलोच्या व्यापाऱ्याची लुरीक कापडाची मागणी पुरी केली, त्याच आठवड्यात." वेनिंग नणंदेला मोठ्या बहिणीसारखी म्बाक म्हणायची आणि तिच्याशी बोलताना कायम नजर खाली ठेवायची.

अंगणात मितोनीची गडबड चालली होती. सातव्या महिन्याचं न्हाणं, सात विहिरींचं पाणी, सात लुगडी, सात शिगांचा भात. गावातल्या बायका फुलं निवडता निवडता कोणाच्या सुनेचं काय चाललंय ते एकमेकींना सांगत होत्या. पालुपी त्या सकाळीच डोंगरातल्या आपल्या आरोग्य केंद्रावरून दीड तास मोटरसायकल हाकत आली होती. ती सरकारी सुईण. आमच्या घराण्यात मागावर न बसलेली पहिली बाई, आणि त्याचा आम्हा सगळ्यांनाच भारी अभिमान.

"सात महिन्यांत तीन किलो वाढलीस फक्त. उलट्या होतात?"

"नाही."

"भूक लागते?"

वेनिंगनं आधी दाराकडे पाहिलं. "लागते."

"मग?"

"जेवते ना. बशीत."

पालुपीनं टेप गुंडाळायची ती तशीच हातात राहिली. ती बशी तिला चांगली ठाऊक होती. आमच्या घरात पोटुशी बाई चहाच्या बशीत जेवते. एकदा भरायची, दुसऱ्यांदा मागायचं नाही. थाळा मोठा तर बाळामागची वार मोठी, आणि वार मोठी झाली की ती पडत नाही, बाईला घेऊनच जाते. पालुपीला वाटलं होतं, आपण सुईण झालो तेव्हाच ही बशी मोडीत निघाली असणार. नऊ वर्षं ती डोंगरातल्या बायकांच्या चुलीपाशी बसून 'खा गं बायांनो' म्हणून घसा कोरडा करत होती, आणि स्वतःच्या घरी एकदाही विचारलं नव्हतं. तिची तिलाच लाज वाटली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सून म्हणून आले आणि पहिल्याच वर्षी खायला मागू?" वेनिंग म्हणाली. "आमच्या माहेरी, वोनोगिरीत, बायका मागत नाहीत."

*

लास्मी स्वयंपाकघरात नारळ खवत होती. मुलीचा चेहरा बघितला आणि तिला कळलं, आज काहीतरी फुटणार. पालुपी लहानपणापासून अशीच. ओठ घट्ट मिटून आत आली की समजायचं.

चुलीजवळ सादिनेम बसली होती, लास्मीची सासू. वय सहासष्ट, उंची साडेचार फूट, आणि दरारा एवढा की भात उकळतानासुद्धा तिला विचारून उकळावा. आम्ही सगळे तिला म्बाह, म्हणजे आजी, म्हणतो, आणि ती आमच्याकडे बघते तेव्हा काही न करताच आपलं चुकलंय असं वाटतं.

"म्बाह, वेनिंगला आजपासून बशी नको," पालुपी म्हणाली.

"का? फुटली?"

"बाळ वाढत नाहीये."

"लहान बाळ सुखानं येतं. तू लहान होतीस, तुझा भाऊ जात्मिको लहान होता. दोघं जिवंत आहात ना?"

"मी किती होते, आई?"

लास्मीनं खवणी थांबवली. "दोन किलो शंभर."

"आणि जात्मिको?"

"दोन सातशे."

"बघ," सादिनेम म्हणाली, "एकाच बशीत जेवून. देवाच्या मर्जीचं आहे ते."

लास्मी गप्प राहायला हवी होती. एकतीस वर्षं गप्प राहिलीच होती की. सासूपुढे गप्प राहण्यात तिला एक प्रकारची ऐटही वाटायची, लोक म्हणायचे सून असावी तर अशी. पण तेवढ्यात पालुपीनं खिशातून गोळ्यांची पट्टी काढून ओट्यावर ठेवली.

"काय गं हे?"

"रक्तदाबाच्या गोळ्या. रोज सकाळी एक. दोन वर्षं झाली."

"कोणाच्या?"

"माझ्या, आई."

एकतीस वर्षांची पोर. सडपातळ, डोंगर चढणारी, तंबाखूला हात न लावणारी. लास्मीनं खवणी बाजूला सारली. मग ती सासूकडे न बघता बोलली, "जात्मिकोच्या वेळी मी चोरून खात होते."

चुलीवरचं भांडं खदखदत होतं.

"काय म्हणालीस?" सादिनेम म्हणाली.

"वागिमान मामा मागाच्या खोलीत आणून द्यायचे. उकडलेली अंडी, तळलेला मासा, केळीच्या पानात बांधून. सुताच्या टोपलीत लपवायचे मी. पालुपीच्या वेळी तुमचं अक्षर न् अक्षर पाळलं. पहिलटकरीण होते, घाबरत होते. पुढच्या वेळी भूक आवरली नाही."

"माझ्या घरात. माझ्या भावानं." सादिनेम उठली. गुडघ्यावर हात टेकून उठली, पण उठली अशी की लास्मी दोन पावलं मागे सरकली. "म्हणजे एवढी वर्षं मी एकटीच मूर्ख होते म्हणायची." आणि ती मागच्या दारानं निघून गेली.

लास्मी पोरीकडे वळली. "म्हणजे तुझं हे दुखणं माझ्यामुळं?"

"नाही गं आई. नेमकं कशामुळं ते कोणालाच सांगता येत नाही. आणि दोष कोणाला द्यायला मी आलेच नाहीये." पालुपीनं पट्टी परत खिशात ठेवली. "पण वेनिंगला अजून दोन-अडीच महिने आहेत. बाळ भरतं ते याच दिवसांत."

लास्मीनं पदराला हात पुसले. "जा म्हातारीमागं. तुझंच ऐकलं तर ऐकेल. मी इथं बघते, अंडी जास्तीची उकडायला टाकते."

*

मागाच्या खोलीत आज सुट्टी होती. सादिनेम आपल्या मागाच्या फळीवर बसली. पन्नास वर्षांची ही तिची जागा. समोर तिचा भाऊ वागिमान सिगारेट वळत बसला होता. तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा आणि दीड फुटानं उंच. पाठोपाठची भावंडं म्हणून सांगितलं तर लोक हसायचे.

"तू माझ्या सुनेला चोरून खाऊ घालत होतास?"

"घालत होतो." वागिमाननं सिगारेट कानामागं ठेवली. "एवढ्या वर्षांनी पकडलंस. पोलिसात असतीस तर उपाशी मेली असतीस."

"चेष्टा नको करू."

"बरं नाही करत. पोरगी भुकेनं सुताचे गुंडे मोजताना चुकत होती, अक्का. मला नाही बघवलं."

दारात पालुपी उभी होती. सादिनेमनं तिला बघितलं, आणि तोंड फिरवून मागावरच्या अर्धवट कापडावरून हात फिरवत राहिली. निळ्या-काळ्या बारीक रेघांचं कापड होतं. तिच्या हातचं लुरीक दहा धुण्यांनंतर जास्त शोभतं, असं बाजारात बोललं जायचं.

"म्बाह, एक विचारू? सूत कमी पडलं तर तुम्ही काय करता?"

"बाजारात जाते."

"बाजार बंद असेल तर? आणि कापड तर सांगितलेल्या मापाचंच द्यायचं असेल?"

"मी नाही असलं करत. करणाऱ्या करतात. विरळ विणतात. गठ्ठ्यात सगळं सारखंच दिसतं. चार धुण्यांत जाळी होते."

"पोटात तसंच होतं," पालुपी म्हणाली. ती खाली जमिनीवर, आजीच्या पायाशी बसली. "वार म्हणजे सूत पुरवणारी. ती लहान राहिली की बाळाला कमी मिळतं. मग बाळ काय करतं, मेंदूला आधी देतं, काळजाला देतं. राहिलं साहिलं ते मूत्रपिंडांना, साखर सांभाळणाऱ्या ग्रंथीला. तिथं विरळ विणतं. जन्मल्यावर कोणालाच दिसत नाही. हात-पाय, नाक-डोळे सगळं असतं. तिशी-चाळिशीनंतर जाळी दिसायला लागते."

सादिनेमचा हात कापडावर थांबला. दोन्ही पायांची बोटं तिला हल्ली बधिर लागत. साखरेची सुई ती रोज स्वतः टोचून घ्यायची, कोणाला टोचू द्यायची नाही.

"जपानी शिपाई इथून गेले त्या महिन्यात मी जन्मले," ती सावकाश म्हणाली. "आई सांगायची, भात सगळा ते गोळा करून न्यायचे. बाप त्यांच्या वेठीवर. आईनं नऊ महिने केळीचा गड्डा उकडून खाल्ला, गोगलगायी खाल्ल्या, अंगावर गोणपाट. मी त्या केळीच्या गड्ड्याची आहे. त्याचा मला गर्व आहे. आणि तू मला सांगतेस, माझ्या आईनं मला विरळ विणलं?"

वागिमाननं पालुपीकडे पाहिलं. आता पोरगी चुकीचं बोलली तर म्हातारी जन्मात ऐकणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"तुमच्या आईला कोणी सूतच दिलं नव्हतं, म्बाह," पालुपी म्हणाली. "मूठभर सुतात तिनं तुम्हाला उभं केलं. मी नऊ वर्षं बाळंतपणं करतेय, मला विचाराल तर एवढी हुन्नरी बाई मी पाहिली नाही. वागिमान आजोबा जन्मले तेव्हा घरात भात आला होता. बघा त्यांच्याकडे."

"बघ माझ्याकडे," वागिमान म्हणाला. "भात."

"पण आज आपल्या घरात सूत आहे. कणग्या भरलेल्या आहेत, तळ्यात मासे आहेत. आणि आपण देत नाही. तिच्यावर दुष्काळ आपणच आणलाय."

सादिनेमनं मागाचा धोटा हातात घेतला, परत ठेवला. बोलली तेव्हा आवाज वेगळा होता, बारीक.

"सारियेमला मोठ्या थाळ्यात जेवायची हौस होती."

सारियेम त्यांची थोरली बहीण. तिचा फोटोसुद्धा घरात नाही. वागिमान तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षांचा. त्याच्यासमोरही हे कधी निघालं नव्हतं.

"मुलगा झाला तिला. धडधाकट. आम्ही हसलो. मग वार पडेचना. दुपार गेली, संध्याकाळ गेली. सुईण म्हणाली, खाऊन खाऊन वार मोठी केली हिनं. मी हात धरून होते. हात गार होत होता आणि ती मला सांगत होती, सादिनेम, तू नको हं एवढं खाऊ." तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "मी बशी आणली ती लोकांना उपाशी ठेवायला नाही आणली."

"माहीत आहे मला," पालुपी म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "पण वार मोठी म्हणून अडत नाही, म्बाह. लहान वारसुद्धा अडते. ती चिकटते, किंवा पिशवी दमते. गेल्या वर्षी माझ्याकडे एक अडली होती. बाई पांढरी पडत चालली होती. सुई दिली, आणि हा हात आत घालून वार सोडवली." तिनं उजवा हात आजीच्या मांडीवर ठेवला. "ती बाई परवा मला मका घेऊन भेटायला आली. सारियेम आजीला थाळ्यानं नाही मारलं. तिच्याजवळ असा हात नव्हता, एवढंच."

सादिनेमनं तो हात उचलला, उलटा केला, सुलटा केला, सूत पारखावं तसा. मागावर न बसलेला हात होता, मऊ. आजवर तिला तो आळशी हात वाटायचा.

"वेनिंगच्या वेळी तू असशील?"

"आठवडाभर आधी येऊन राहीन."

"बाहेर बायका खोळंबल्यात," सादिनेम म्हणाली आणि उठली. होय म्हणाली की नाही, ते दोघांनाही कळलं नाही.

*

वेनिंगला न्हाऊ घालताना मानाच्या सातही म्हाताऱ्यांचे हात गार होते. जाई-गुलाबाचं पाणी डोक्यावरून आलं तेव्हा तिला एकच गोष्ट सुचत होती. चुलीवर कुठंतरी मासा तळत होता.

मग लुगडी. एकेक भारी बाटिक तिच्या छातीशी धरायचं, लास्मीनं विचारायचं, "शोभतं का गं?" आणि बायकांनी ओरडायचं, "नाही शोभत." सहा वेळा हेच झालं. नवरा, जात्मिको, दारापाशी ओशाळल्यासारखा हसत उभा होता. त्याच्या सदऱ्याच्या खिशात तिच्यासाठी पाव असायचा हल्ली, दोन दिवसांतून एकदा तरी. आजीपुढे बोलायची त्याची छाती नव्हती, आणि वेनिंगनं ते त्याला कधी बोलून दाखवलं नव्हतं. सातवं लुगडं निघालं, आमचं साधं लुरीक, सादिनेमनं स्वतः विणलेलं. ते तिच्या अंगाला लावलं तेव्हा बायका एका सुरात म्हणाल्या, "शोभतं." वेनिंगला रडूच आलं. उगाच आलं, भुकेनंही आलं असेल.

सगळे जेवायला बसले. भाताच्या शिगेचा माथा कापायचा मान सादिनेमचा. ती सुरी घेऊन उभी राहिली, आणि पुढ्यातल्या बशीकडे न बघता थेट वागिमानजवळ गेली. वागिमानचा थाळा म्हणजे गावात प्रसिद्ध, हिरव्या फुलांचा, पाटाएवढा. तिनं तो त्याच्या हातून ओढून घेतला.

"अगं, मी जेवायचोय अजून."

"तुझं आयुष्यभर जेवून झालंय."

तिनं शिगेचा माथा थाळ्यात ठेवला. त्यावर दोन अंडी, तळलेला मासा आख्खा, कलेजी, सोयाबीनचं तेंपे, पाल्याची भाजी नारळाचं खोबरं घालून. शेजारच्या दोन बायकांनी एकमेकींना कोपर मारलं. आमच्या घरची बशी गावाला ठाऊक होती, आणि सादिनेमनं कधी शब्द फिरवला नव्हता हेही ठाऊक होतं.

तिनं थाळा वेनिंगच्या मांडीवर दिला. मान ताठ होती.

"सगळ्यांच्या देखत सांगते. मी चुकले होते. आजपासून या घरात पोटुशी बाई याच थाळ्यात जेवेल, आणि दोनदा मागेल. माझी नात सुईण आहे, तिनं शिकवलं मला. कोणाला काही शंका असेल तर तिला विचारा, मला नको." मग वेनिंगकडे वाकून हळू म्हणाली, "खा न्दुक, खा पोरी. मी इथंच बसते."

ती खरंच बसली. वेनिंग शेवटचं शीत संपवेपर्यंत तिनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. घाबरली होती म्हातारी, वेनिंगला ते दिसत होतं. तिचं घाबरणं बघून वेनिंग जास्तच जेवली.

*

अडीच महिन्यांनी, सकाळी नऊच्या सुमारास, बंद दाराआड बाळ रडलं. जात्मिकोनं तोंड ओंजळीत लपवलं, लास्मीनं देवाचं नाव घेतलं, वागिमान म्हणाला, "घसा माझ्यावर गेलाय." सादिनेम मात्र बाकावरून हलली नाही. बाळाच्या रडण्यानं तिला कधीच हायसं वाटलं नव्हतं. सारियेमचं बाळही असंच रडलं होतं.

"पालुपी," तिनं बसल्या जागेवरून दाराकडे ओरडून विचारलं, "वार?"

"थांबा, म्बाह."

ती थांबली. भिंतीवरचं घड्याळ बघत राहिली. तीन मिनिटं झाली, पाच झाली, सात झाली. लास्मीनं सासूचा हात धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच धरला असेल, आणि सादिनेमनं तो सोडवून घेतला नाही.

"पडली, म्बाह," आतून आवाज आला. "आख्खी. वेनिंग बरी आहे, पाणी मागतेय."

तेव्हा सादिनेम रडली. मोठ्यानं रडली, लहान मुलीसारखी. आम्ही कोणीच तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं.

आमच्यात वार म्हणजे बाळाचं धाकटं भावंड. तिला बापानं स्वतःच्या हातांनी धुवायचं, मीठ, फुलं, सुई-दोरा घालून मडक्यात ठेवायचं आणि दारापाशी पुरून वर दिवा लावायचा. जात्मिकोनं बाह्या वर केल्या. सात पाण्यांनी धुतली. मडकं सादिनेमनं आधीच आणून ठेवलं होतं, बायात गावच्या नेहमीच्या कुंभारणीकडून, तीन पिढ्या आमच्या घरात येतं त्याच मापाचं.

जात्मिकोनं वार मडक्यात ठेवली, बाजूनं दाबून बघितली, काढली, पुन्हा ठेवली. झाकण बसेना.

"म्बाह," तो गोंधळून म्हणाला, "मडकं लहान पडतंय."

सादिनेम वाकून बघत राहिली. वार लालबुंद, जाडजूड, मडक्याच्या तोंडाबाहेर आलेली. तिनं बोट लावून बघितलं. मग सरळ उभी राहिली आणि वागिमानला म्हणाली, "गाडी काढ."

"मी आणतो ना, अक्का. तू बस."

"मी येणार."

सहासष्ट वर्षांची म्हातारी भावाच्या मोटरसायकलवर मागं बसून बायातला गेली. वाटेत जो कोणी भेटला त्याला तिनं हात केला. कुंभारणीच्या अंगणात ती उतरली तेव्हा कुंभारीण चाक सोडून हात पुसत पुढं आली.

"बाळंत झाली सून? काय झालं, म्बाह, मुलगा की मुलगी?"

"ते सांगते नंतर," सादिनेम म्हणाली. "आधी वार किती भरली ते ऐक. पाचशे दहा ग्रॅम. सगळ्यात मोठं मडकं काढ."